सात पॉइंटनी हरलेली मॅच

अक्काचा साखरपुडा आणि आमची फायनल एकाच रविवारी येणार हे कळलं, तेव्हा मी घरी फायनलचं बोलले नाही आणि मैदानावर साखरपुड्याचं बोलले नाही. वाटलं, दोन-चार दिवसांत आपोआप काहीतरी सुटेल. असं काही आपोआप सुटत नसतं हे कळण्याइतकी मी मोठी होते, तरीही गप्प राहिले.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नाना, म्हणजे आमचे वडील, गावाकडे केळी आणि कापूस बघायचे. आई, अक्का आणि मी जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, आम्हा दोघींच्या शिक्षणासाठी. अक्काचं बी.ए. झालं होतं. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळायचे. हे खेळणं चालू होतं ते अक्कामुळेच. पहिल्या वर्षी नाना म्हणाले होते, "हाफपँट घालून चारचौघांत पळायचं, हे कुठलं शिक्षण?" अक्का त्यांच्यासमोर जाऊन बसली. "पूर्ण पँट घालून पळेल ती, नाना. मी शिवून देते." आणि तिने खरंच शिवून दिली. टी-शर्टच्या पाठीवर लाल कापडाचा अकरा नंबरही तिनेच शिवला.

आता त्याच अक्काला चोपड्याकडची माणसं बघून गेली होती आणि रविवारी सकाळी साखरपुडा ठरला होता. रात्रीच्या भाकरी करताना ती मला म्हणाली, "तू माझ्या शेजारीच बस. तू नसलीस तर मी सगळ्यांसमोर रडेन बघ." मी हो म्हटलं.

आमची स्पर्धा चार कॉलेजांची होती. आम्ही जळगावचे, मग देवपूर, जामनेर आणि बोदवड. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं आणि पहिल्या दोघांची फायनल. ती व्हायची पहिल्या नंबरच्या संघाच्या मैदानावर. म्हणजे आम्ही पहिले आलो तर रविवारी चार वाजता जळगावात, आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर. दुसरे आलो तर धुळ्याला, देवपुरात. त्यासाठी सकाळची एस.टी. पकडायला हवी होती, आणि साखरपुड्याचा मुहूर्त अकराचा होता.

बोदवडला आम्ही हरवलं होतं आणि जामनेरलाही. शेवटची मॅच राहिली होती ती देवपूरशी, त्यांच्या मैदानावर, बुधवारी. ही जिंकली की आम्ही सरळ पहिले, कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. बुधवारी सकाळी एस.टी.च्या खिडकीशी बसून मी हाच हिशोब करत होते. आमचे सर नवीन होते. ते भूगोल शिकवायचे आणि संघ त्यांच्या गळ्यात पडला होता. पारोळ्याच्या पुढे ते माझ्याजवळ आले नि म्हणाले, "काय गं, तब्येत बरी नाही का?" तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "एस.टी. लागते सर मला."

धुळ्याच्या स्टँडवर उतरून पांझरेच्या पुलावरून आम्ही चालतच देवपुरात गेलो. त्यांचं मैदान मुरमाचं, दाबून केलेलं. आम्हाला सिमेंटची सवय. तिथे बॉल टप्पा घेऊन गुडघ्याच्या वर येईना. पहिली पाच मिनिटं आम्ही वाकून वाकून बॉलच्या मागे धावत होतो आणि कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या कॉलेजच्या मुली हसत होत्या. त्यांची सेंटरची मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. मध्यंतरालाच आम्ही दहानी मागे पडलो.

दुसऱ्या अर्ध्यात जरा सूर लागला, पण अंतर काही मिटेना. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा आम्ही आठ पॉइंटनी मागे होतो. आता जिंकणं शक्य नाही हे कडेला गुणफलकाची पाटी धरून उभ्या असलेल्या मुलालाही कळलं होतं. त्याने खडू खिशात ठेवून दिला होता. आमच्यातल्या दोघी नुसत्या चालत होत्या. तेवढ्यात मी बास्केटखाली घुसले आणि त्यांच्या सेंटरचा हात माझ्या मनगटावर बसला. शिट्टी झाली. मला दोन फ्री थ्रो मिळाले.

पहिला मी अगदी निष्काळजीपणे टाकला. मनात रविवारच होता. बॉल रिंगला लागून बाहेर गेला. आमची कॅप्टन मागून ओरडली, "अगं नीट टाक ना! एवढं तरी कर!" मला तिचा राग आला. त्या रागातच मी बॉल तीनदा आपटला, श्वास घेतला आणि टाकला. तो जाळीत पडला. मुलाने खडू परत बाहेर काढला. नंतर काही सेकंदांत मॅच संपली. एकेचाळीस–चौतीस. सात पॉइंटनी आम्ही हरलो.

बूट काढायच्या निमित्ताने मी कडुनिंबाखाली जाऊन बसले आणि रडले. बाकीच्यांना वाटलं, मॅच हरल्याचं रडते. सर वहीत आकडेमोड करत आले. देवपूर आधी जामनेरकडून हरलं होतं, म्हणून आता आम्ही, देवपूर आणि जामनेर, तिघांचेही दोन विजय आणि एक पराभव होता. "आता पॉइंटचा फरक बघतात," सर म्हणाले. "त्यात देवपूर आपल्या फार पुढे आहे. त्यांनी बोदवडला चाळीसनी हरवलंय, आपण बारानी. जामनेर आपल्या मागे, म्हणजे आपण दुसरे. चला, रविवारी परत इथेच यायचंय."

बोदवडशी आम्ही बारानीच का जिंकलो, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पाचच मुली आल्या होत्या आणि त्यातली एक पाय मुरगळूनही खेळत होती. अर्ध्यानंतर आम्हीच ठरवलं होतं की आता राखीव मुलींना खेळवू या. तो निर्णय घेताना मला फार बरं वाटलं होतं. आता त्याच निर्णयाने माझा रविवार गेला, असं वाटून मी आणखीच रडायला लागले.

तेवढ्यात देवपूरचे सर आले. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. माझ्याकडे बघून ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "कसाले रडस, पोरी? चांगली खेळनी ना तू." मग आमच्या सरांच्या हातातल्या वहीत डोकावले. "हे काय मांडलंय? बोदवड कुठून आणलं यात?"

"सगळ्या मॅचचा फरक घेतलाय," आमचे सर म्हणाले.

"सगळ्यांचा नाही घ्यायचा." त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. स्पर्धेच्या सुरुवातीच्या बैठकीत सगळ्या कॉलेजांना दिलेला, सायक्लोस्टाईल केलेला नियमांचा कागद. आमच्या सरांची ती प्रत बहुधा कपाटातच राहिली होती. "बठ्ठं कागदवर शे, सगळं लिहिलेलं आहे. हे बघा. बरोबरी झालेल्या संघांनी एकमेकांशी खेळलेल्या मॅचच तेवढ्या धरायच्या. बोदवड बरोबरीत नाही, तर बोदवडच्या मॅच बाजूला."

तिथेच मुरमावर ते उकिडवे बसले आणि काडीने आकडे लिहू लागले. आम्ही जामनेरला नऊनी हरवलेलं, देवपूरकडून सातनी हरलेलो: आमचे अधिक दोन. देवपूर आमच्याशी सातनी जिंकलेलं, जामनेरकडून सहानी हरलेलं: त्यांचा अधिक एक. जामनेर सहानी जिंकून नऊनी हरलेलं: वजा तीन. त्यांनी काडी आमच्या आकड्यावर टेकवली. "पहिला नंबर जळगावचा."

मग देवपूरची ती उंच मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, त्यांना तर माहीतही नव्हतं! तुम्ही कशाला सांगितलं?"

"अगं, हा नियम मीच मांडलाय बैठकीत," ते म्हणाले. "लिंबू-टिंबू संघाला चेपून चेपून मोठा फरक काढायचा आणि त्यावर पहिलं यायचं, हे मला पटत नाही. आता आपल्यावर आलं म्हणून कागद खिशात ठेवू?" आणि मग थोडं हसून म्हणाले, "आठनी जिंकलो असतो तर आपणच पहिले होतो. तो शेवटचा फ्री थ्रो नडला आपल्याला."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी जो बॉल रागाने टाकला होता, त्याच्यामुळे. छातीवर आठवडाभर बसलेलं काहीतरी उठून गेलं. कॅप्टनने मला मिठी मारली आणि मी रडता रडता हसायला लागले. देवपूरच्या सरांना मी वाकून नमस्कार केला. "रविवारी आमच्याशी असं वाकून नको खेळू," ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मी सरांना साखरपुड्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आणि धुळ्याला आली असती फायनल, तर?" मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी पोचल्या पोचल्या मी आईला आणि अक्काला सांगून टाकलं. आई आधी रागावली, मग म्हणाली, "चारला आहे ना? पाहुणे तीनला निघतील. जेवण मात्र कमी कर."

रविवारी मी अक्काशेजारी बसले. चोपड्याच्या मंडळींनी कुंकू लावलं, ओटी भरली. अक्का रडली नाही. माझंच लक्ष सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होतं, तेव्हा तिने मला चिमटा काढला. साडेतीनला मी साडी सोडून तिने शिवलेली पँट चढवली. आश्चर्य म्हणजे होणारे भाऊजी आणि त्यांचे दोन भाऊ लगेच न निघता मैदानावर आले. नानाही आले. ते कडेला कुंपणाजवळ उभे राहिले, जणू सहज तिकडून चालले होते.

आमचं सिमेंट, आमचा टप्पा. देवपूरच्या मुलींना इथे बॉल फार उंच उसळताना दिसला आणि त्यांचे पास डोक्यावरून जायला लागले. तरी त्या झुंजल्या. आम्ही चार पॉइंटनी जिंकलो. त्यांच्या सरांनी आमच्या प्रत्येकीशी हात मिळवला. मी साखरपुड्याचे पेढे आणले होते, त्यातला पहिला त्यांना दिला. त्यांनी तो अर्धा करून त्या उंच मुलीला दिला, आणि तिने जरा फुरंगटूनच खाल्ला.

रात्री अंथरुणं घालताना अक्काने विचारलं, "खरं सांग, धुळ्याला असती मॅच तर काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच नाही माहीत."

ती उशी झटकत म्हणाली, "बरं झालं बाई. मलाही ते कळायला नको होतं." मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की पलीकडच्या खोलीतून नाना दोनदा खाकरले.