स्लॅबवरून दिसणारी झाडं

बाहेरगावचे पाहुणे ब्रह्मपुरीत आले की त्यांना वाघ बघायचा असतो. वाघ काही माझ्या खिशात नसतो, म्हणून मी त्यांना झाडं सांगते. फाल्गुनात पोंभुर्ण्याच्या बाजूला जा, पळस बघा. पावसाळ्यात अहेरीच्या रस्त्याला लागा, साग फुललेला असतो. सागाला फुलं येतात हेच निम्म्यांना ठाऊक नसतं. पाहुणे 'हो हो' म्हणतात आणि जिप्सीचं बुकिंग करतात. जाऊ दे. ज्याची त्याची हौस.

पण आमच्या गावातली सगळ्यांत देखणी झाडं कुठे आहेत, ते मी पाहुण्यांना सांगत नाही. ती कब्रस्तानात आहेत. तिथे कुऱ्हाड घेऊन कोणी जात नाही, म्हणून झाडं मनासारखी वाढली. गंमत अशी, की आमच्या घरच्या बायकाही तिथे जात नाहीत. मी ती झाडं शेजारच्या मावशींच्या स्लॅबवरून बघते. मावशी बौद्ध, रिटायर्ड नर्स, तोंडानं फटकळ. अब्बा गेले त्या दिवशी त्यांनीच अम्मीला हाताला धरून जिना चढवला आणि पुढ्यात खुर्ची ठेवली. "बस भाभी. इथून पाह्य तुले पाह्यचं तेवढं."

दफन करून चाचा परतले, तेव्हा अम्मीनं त्यांना वर बोलावून विचारलं, "कुठी ठेवलं त्यायले?" चाचांनी भिंतीजवळच्या मोठ्या काटेसावरीकडे बोट केलं.

अब्बा गाद्या-रजया भरायचे. सावरीच्या कापसाची उशी भरायची म्हटली की त्यांना वेगळाच हुरूप येई. त्यामुळे ती जागा आम्हा सगळ्यांना पटली. ऊन उतरलं की अम्मी स्लॅबवर जाई, पदर डोक्यावर घेई आणि सावरीकडे तोंड करून फातिहा पढे. माघात झाड लालेलाल होई, मैनांचा नुसता कलकलाट. वैशाखात बोंडं फुटून कापूस उडत स्लॅबवर येई आणि अम्मी तो वेचत बसे. मावशी चिडवायच्या, "भाऊनं धाडला वाटते कापूस! कर आता उशी." अब्बा गेल्यानंतर अम्मी पहिल्यांदा हसली ती याच बोलण्यावर.

पुढच्या वर्षी भावानं मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. अब्बा सावरीखाली नव्हतेच. ते पार मागच्या कोपऱ्यात, कडुलिंबाखाली होते. स्लॅबवरून त्या लिंबाचा नुसता शेंडा दिसे. बाकी सगळा सावरीच्या जाडजूड खोडामागे. अम्मीला निदान बघायला काही असावं, म्हणून चाचांनी दिसणारं झाड दाखवलं होतं. मला चाचांचा राग यायला हवा होता. आला नाही, उलट मायाच वाटली. आम्ही भावंडं गप्प राहिलो.

यंदा वैशाखातल्या वादळात सावर मुळासकट आडवी झाली. सकाळी मावशींनी हाक मारून सांगितलं. आपल्या माणसाच्या अंगावर झाड कोसळलं असं अम्मीला वाटलं, तर ती कशी सोसणार? आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. अम्मी जिना चढायला लागली तशी मी तिच्यापुढे पळत वर गेले आणि तिला काही दिसू नये म्हणून कठड्याशी आडवी उभी राहिले.

"अम्मी, ऐक पहिले. अब्बा सावरीखाली नाईत. चाचानं तेव्हा..."

"मालूम आहे मले," अम्मी म्हणाली. "तुह्या चाचाले खोटं बोलता येते का? बोट सावरीकडं अन् डोळे मांगच्या लिंबाकडं."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "मंग इतके वर्ष गप काऊन होतीस व भाभी?"

"तो बिचारा माह्यासाठी खोटं बोलला. त्याले काऊन दुखवू?"

मला रडू फुटलं. मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले, तर तिनं माझा दंड धरून मला हलकेच दूर केलं.

"तू बाजूले सरक पहिले," ती म्हणाली. "लिंब आता बुडापर्यंत दिसून राह्यला."