हिल्जा होडीत बसली

हिल्जा तोर्वीनेनला मी पाण्यात पाडलं, ही गोष्ट गावात आता इतक्या प्रकारांनी सांगितली जाते, की खरी हकीकत निदान एकदा तरी नीट लिहून ठेवावी म्हणतो. पहिली गोष्ट म्हणजे, मी तिला ढकललं नाही. ती धक्क्यावर होडीचा दोर धरून उभी होती आणि मी होडीत चढत होतो. माझ्या एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात वेलदोड्याच्या पावांचा डबा. एक पाय होडीत, एक धक्क्यावर. अशा वेळी माणसाने कुठला तरी एक पाय निवडायचा असतो. मला निवड करवेना. होडी सरोवराकडे निघाली, धक्का जागच्या जागी राहिला, मी थर्मास टाकला आणि हाताला लागेल ते धरलं. हाताला हिल्जा लागली. क्षणभर आम्ही दोघांनी नाचल्यासारखी एक गिरकी घेतली आणि मग मी फळ्यांवर आपटलो, ती पाण्यात गेली. पावांचा डबा मात्र मी सोडला नाही. गावात जास्त चर्चा त्याचीच आहे.

सरोवरावरचा बर्फ जाऊन जेमतेम चार दिवस झाले होते. पलीकडच्या काठाला झाडांच्या सावलीत त्याचे मळकट तुकडे अजून हलत होते. पण ऊन असं पडलं होतं, की माझा दोस्त काउको धक्क्याजवळच्या बाकावर शर्टाच्या बाह्या सारून कॉफी पीत बसला होता. आमच्याकडे फिनलंडात एप्रिलचं ऊन माणसाला फसवतं. वरून बघावं तर उन्हाळा, आणि पाणी अजून जानेवारीतच.

हिल्जा पूर्ण आत गेली आणि लगेच बुचासारखी वर आली. अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट होतं, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.

"थांब हिल्जा, आलोच!" असं ओरडत मी बूट काढायला लागलो. माझ्या अंगावर जॅकेट नव्हतं. होडीत बसल्यावर घालणार होतो.

तिला बोलता येत नव्हतं. करवत चालावी तसा तिचा श्वास आत-बाहेर होत होता. पण एका हाताने तिने धक्क्याचा खांब पकडला आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्याकडे करून मला थांबवलं. पोहायचा प्रयत्न नाही, धडपड नाही. खांबाला धरून नुसती श्वासाशी झगडत राहिली. श्वास ताब्यात आला तेव्हा पहिलं वाक्य बोलली.

"उडी मारलीस तर याद राख! एकीला काढायचंय, दोघांना नाही. दोर टाक."

काउकोने आणि मी तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढलं. आता ती मला फाडून खाणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती उठलीच नाही. फळ्यांवर बसून राहिली, अंगातून पाणी निथळत होतं, आणि दोन्ही हातांनी त्या जॅकेटचा पुढचा भाग दाबून दाबून बघत होती. जणू बाजारात पावाचा ताजेपणा तपासतेय. मला वाटलं, रागाने वाचा बसली. काय होतं ते मला संध्याकाळी कळलं.

आता हिल्जा कोण, ते सांगायला हवं. काठावरच्या सार्वजनिक सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, ती राखणदार. तिथे लाकडं फोडायची, चूल पेटवायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाय पुसले का म्हणून विचारायचं, ही तिची कामं. मी गावोगाव फिरणाऱ्या वाचनालयाच्या बसचा चालक, आता निवृत्त. म्हणजे माझं काम तिच्या चुलीपाशी बसून तिच्या कामात अडथळा आणणं. सौनाच्या बाहेरच्या भिंतीवर तिने खिळे ठोकलेत आणि त्यांवर सगळ्या मापांची जॅकेटं टांगलीत. बर्फ गेला, की बर्फ पुन्हा धरेपर्यंत त्या भिंतीला न भेटता कुणाची होडी धक्क्यावरून सुटत नाही. सुटलीच तर हिल्जा गळ्यातली शिट्टी अशी वाजवते, की माणूस लाजेनेच परत येतो. एकदा पाद्रीबाबांनाही तिने परत बोलावलं होतं.

"माझं रक्षण करणारा वर बसलाय, हिल्जा," ते म्हणाले होते.

"तो वर आहे. तू खाली जाशील. घाल."

ती शिट्टी ज्या दोरीत आहे, त्या दोरीत पूर्वी घड्याळ असायचं. थांबवता येणारं, शर्यतीचं. आणि तिथूनच ताइस्तोची गोष्ट सुरू होते.

ताइस्तो तिचा नवरा. हिवाळ्यात आम्ही सरोवराच्या बर्फाला चौकोनी भोक पाडतो, सौनात भाजून निघतो आणि लाकडी शिडीने त्या भोकात उतरतो. बहुतेकजण किंचाळून लगेच वर येतात. ताइस्तो राहायचा. गळ्यापर्यंत पाण्यात बसून तो गाणं म्हणायचा, तेही सगळी कडवी. हिल्जा काठावर घड्याळ घेऊन उभी, आणि आम्ही सगळे टॉवेल गुंडाळून मोठ्याने सेकंद मोजायचो. शेजारच्या गावांतून माणसं बघायला यायची. थंड पाणी ताइस्तोचं काही बिघडवू शकत नाही हे आम्ही इतकं मानत होतो, की बाहेरून आलेल्या पाहुण्याला ते आमचं देवालय दाखवावं तसं दाखवायचो. पण भोकाला शिडी असते, काठावर हात द्यायला माणसं असतात, अंगावर बूट-कोट नसतात आणि वीस पावलांवर चूल पेटलेली असते. हे आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं.

बारा वर्षांपूर्वीचा असाच एप्रिल, असंच ऊन. पाईक मासा अंडी घालायला लव्हाळ्यांपाशी उथळात येतो, म्हणून ताइस्तो जाळं टाकायला निघाला. जॅकेट होतं, पण त्यावर तो बसला होता. वल्हवताना फळी टोचते म्हणून. आम्ही सगळे धक्क्यावर होतो, सगळ्यांनी ते बघितलं, कुणाला काही वाटलं नाही. लव्हाळ्यांत जाळं अडकलं, तो वाकला आणि पाण्यात गेला.

आणि आम्ही हसलो. काउको ओरडला, "बघा, याला चुलीचीसुद्धा गरज नाही!" आणि सवयीने आम्ही मोजायला लागलो. हिल्जाने सवयीने घड्याळ दाबलं. त्याने हात वर केला, तेव्हा आम्ही उलट हात हलवला.

मोजणं थांबलं ते हिल्जामुळे. ती हळूच म्हणाली, "त्याची टोपी."

ताइस्तो पाण्यात उतरण्याआधी न चुकता टोपी काढून हिल्जाच्या हातात द्यायचा. त्या दिवशी त्याची लाल टोपी पाण्यावर तरंगत होती.

आम्ही पोचलो तेव्हा होडीत ते जॅकेट होतं. कोरडं, मधोमध खोलगट झालेलं.

त्यानंतर हिल्जा होडीत बसली नाही. दुसऱ्यांना जॅकेटं चढवायची, स्वतः मात्र धक्क्याच्या शेवटच्या फळीपुढे पाय टाकायची नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण समोरच्या बेटावर तिची थोरली बहीण राहते, आउने. हिवाळ्यात दर रविवारी हिल्जा पात्यांवर घसरणाऱ्या ढकलगाडीला पाय मारत बर्फावरून तिच्याकडे जायची. बर्फ मऊ पडला की संपलं. मग पुन्हा पाणी गोठेपर्यंत दोघी बहिणी फोनवर भांडायच्या. आउने एका पायाने अधू, तिला होडीत चढणं जमायचं नाही. एवढासा पाण्याचा पट्टा, हाक मारली तर ऐकू जावी, पण वर्षातला निम्म्याहून जास्त काळ त्या दोघींमध्ये तो समुद्रासारखा पसरलेला.

आणि यंदा आउने बेट सोडून शहरातल्या वृद्धाश्रमात जाणार होती. सोमवारी लोक येऊन तिला उचलून नेणार होते. त्याआधीच्या रविवारी फोनवर ती हिल्जाला म्हणाली, "घराची चावी मी दाराला लावून ठेवते, तू हिवाळ्यात येऊन घे. घरात कुणी नसेल, तेवढं चालवून घे."

दुसऱ्या दिवशी हिल्जा माझ्या दारात उभी. "रेयो, तुझी मोटर चालते का?" एवढंच म्हणाली. म्हणून त्या सकाळी आम्ही धक्क्यावर होतो. बारा वर्षांनी ती होडीत बसणार होती, आणि मी तिला सरोवरात बुडवलं.

कपडे बदलायच्या खोलीत ती कोरड्या कपड्यांत, दोन घोंगड्यांत बसली. काउकोने खिशातली बाटली पुढे केली.

"एक घोट घे, रक्त गरम होईल."

"तूच घे," ती म्हणाली. "आणि मग पाण्यापासून लांब बस."

मी तिला गरम गोड रसाचा पेला दिला. तो तिने दोन्ही हातांत धरला, कारण एका हातात राहत नव्हता. मी म्हटलं, "हिल्जा, मीच जाऊन आउनेला निरोप सांगतो. म्हणतो की माझ्यामुळे…" तिने पेला संपवला. बराच वेळ थरथर थांबायची वाट बघितली. मग उठली, भिंतीपाशी गेली, खिळ्यावरचं कोरडं जॅकेट काढून घातलं, दुसरं माझ्या अंगावर फेकलं आणि धक्क्यावरून थेट होडीत जाऊन बसली. मधल्या फळीवर, दोन्ही हातांनी कड धरून, डोळे मिटून.

आउने पायरीवर खोक्यावर बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं.

"कोण गं ते? बर्फ नाही आणि हिल्जा आली? माझी वेळ भरली की काय?"

"तुझी नाही. सकाळी माझी भरली होती. याने पाडलं मला पाण्यात."

आउनेने माझ्याकडे वळून बघितलं. "बरं केलंस रे. बारा वर्षं आधी पाडायला काय झालं होतं?"

मग तिलाच आपलं बोलणं लागलं बहुतेक, कारण ती एकदम कॉफीच्या मागे लागली. दोघींनी भांडी गुंडाळली, कपाटं रिकामी केली, कुठला टेबलक्लॉथ आईचा आणि कुठला मावशीचा यावर भांडल्या. दुपारी आउनेने काठी टेकत आम्हाला घरामागे नेलं. तिथे स्ट्रॉबेरीचा वाफा होता. आता नुसती वाळकी पानं आणि ओली माती.

"ही बघ. जुलैत इथे पाय ठेवायला जागा नसते."

"दर वर्षी पाठवायचीस की डब्यातून," हिल्जा म्हणाली.

"डब्यातून यायचा तो मुरंबा. हिरव्या पानाखाली हात घालून काढलेली या बारा वर्षांत कधी खाल्लीस का? रात्री अकराला ऊन असतं इथे वाफ्यावर. मी एकटी बसायची. तुझा धक्का दिसतो इथून, तू शिट्ट्या मारत असायचीस."

हिल्जाने वाकून एक वाळकं पान उचललं. मी नजर दुसरीकडे वळवली. बर्फाखालचं ते बेट तिला इंच न् इंच पाठ होतं, पण तिथे मागाहून लावलेल्या लायलॅकच्या फुलांचा रंग कुठला ते तिला ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो रंग सांगायलाही तिथे कुणी असणार नव्हतं. निघताना आउनेने चमच्याने एक रोप उकरलं आणि माझ्या पावांच्या डब्यात मातीसकट बसवलं. बहिणींनी मिठी वगैरे मारली नाही. हिल्जा म्हणाली, "शहरात घसरू नकोस." आउने म्हणाली, "तूही."

परतताना त्या लव्हाळ्यांपाशी आल्यावर हिल्जाने मोटर बंद करायला सांगितलं. पाणी इतकं शांत होतं, की जॅकेटचं कापड एकमेकाला घासलेलं ऐकू येत होतं. डबा तिच्या मांडीवर होता.

"सकाळी मी काहीच केलं नाही, रेयो," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "पाय नाही मारले, हात नाही हलवला. मारता आलेच नसते, श्वासच सापडत नव्हता. यानेच आणलं वर." तिने जॅकेटवर थाप मारली. "एवढं सोपं होतं ते. मी सगळ्यांना घालायला लावते, पण माझा स्वतःचा विश्वास नव्हता. वाटायचं, पाण्याने न्यायचं ठरवलं की नेतंच, जॅकेट काय करणार? तसं मानलं की बरं वाटतं. मग ताइस्तोलाही नेलंच असतं, घातलं असतं तरी. आणि आता कळलं की नसतं नेलं. त्याला नुसतं 'ऊठ, बुडाखालचं ते अंगात घाल' म्हणायचं होतं. तेवढंच. आणि आउनेकडे यायला तेच अंगात घालून होडीत बसायचं होतं."

तिने डब्यातल्या रोपाची माती बोटाने दाबली.

"मी घड्याळ दाबलं," ती म्हणाली.

ऊन पाठीवर होतं, वल्हं मांडीवर होतं. मी जॅकेटची चेन सरळ खालपर्यंत उघडली, मोकळा श्वास घेतला, छातीवर हात ठेवला आणि बारा वर्षांत जमवलेलं सगळं एकदम बोललो. म्हटलं, "हिल्जा, मोजत आम्ही सगळेच होतो. हसलो सगळेच. तुझ्या एकटीच्या गळ्यात ती दोरी कशाला? आता तरी स्वतःला माफ कर. निदान हे पाणी तरी विसर."

हिल्जाने मान वळवली, माझ्या डोळ्यांकडे न बघता छातीकडे बघितलं आणि म्हणाली,

"चेन लाव."