चौथ्या गाण्यातली आजी

मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि करता करता गुरगुरतो. तो स्वतः त्याला गाणं म्हणतो. डब्याच्या टपावर मांडी ठोकून बसायचं, रुळांना ग्रीस चोपडायचं आणि बेंबीच्या देठापासून असा काही खर्ज लावायचा की लिफ्टचा तो उभा बोगदा रिकाम्या पिंपासारखा घुमला पाहिजे. वर मजल्यामजल्यावर लोक दाराशी येऊन कान लावतात.

एका बिल्डिंगचे सेक्रेटरी आहेत, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतात. ते जाळीतून खाली वाकून म्हणाले होते, "अं... मिस्त्री, लिफ्टमधून एक विशिष्ट प्रकारचा आवाज येतो आहे. अं... जनावर अडकल्यासारखा."

"बघतो," टपावरून मामा म्हणाला आणि गाणं थांबवलं.

"अरे वा! गेला की हो! काय केलंत?"

"ग्रीस."

त्याच बिल्डिंगमध्ये एकदा वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत सगळे जिने चढला होता. गुरगुर चालू असताना ती मध्येच थांबली आणि बोगद्यातून एका म्हातारीचा किनरा आवाज आला, "अरे, कुणीतरी त्या पोराला पाणी द्या रे!" आता आत म्हातारी कुठली आणि पोर कुठलं, हे विचारत बसायला वॉचमनला वेळ नव्हता. मामाने टपावर बसूनच बाटली घेतली, अर्धी प्यायला आणि परत दिली. "पोराने पाणी प्यायलं म्हणून सांग," म्हणाला.

मामा गाता गाता जिचा आवाज काढतो ती ही म्हातारी म्हणजे माझी आजी. ती मी जन्मायच्या आधीच गेली, तरी तिचा आवाज मला घरातल्या सगळ्यांइतकाच ओळखीचा आहे. कारण ती एका कॅसेटमध्ये राहायची. चौथ्या गाण्यात.

कॅसेटची गोष्ट मामा इतक्या वेळा सांगतो की आता आम्ही ती त्याच्याबरोबर पुटपुटतो. मामा तेव्हा नुकता कामाला लागला होता. त्याच वर्षी आजोबा गेले. चर्चमध्ये सगळे येऊन खांद्यावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चांगल्या जागी गेले, आनंद कर." गायनमंडळ टाळ्या वाजवत आनंदाची गाणी गायचं. मामा त्याच मंडळात खर्जात गायचा. एका रविवारी तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि गायचाच थांबला. "तोंड उघडायचो तर आतून काही यायचंच नाही," तो सांगतो. "दोर तुटलेली लिफ्ट. बटण दाबा, दिवा लागतो, डबा जागेवर."

मग त्याचा एक दोस्त होता, ढब्बू. तो चर्चमध्ये ड्रम वाजवायचा, म्हणजे पाळकसाहेब "हळू" म्हणेपर्यंत वाजवायचा. ढब्बूने कुठूनतरी एका परदेशी बँडची कॅसेट एका दिवसापुरती आणली. कव्हर सगळं काळं, मध्ये फक्त किलकिल्या दारातून यावी तशी उजेडाची एक रेघ. आतल्या कागदावर चार केसाळ माणसं. गिटारी इतक्या खालच्या सुरात लावलेल्या की ऐकताना कपाटातल्या बश्या वाजायच्या. आणि गाणारा देवावर ओरडत होता. देव नाही असं नव्हे, देव आहे आणि मग असा का वागतो, म्हणून.

"ख्रिस्ती गाणी आहेत," ढब्बू म्हणाला.

"ही?" मामा म्हणाला.

"देवाशप्पथ."

नक्कल करून ठेवायची तर दोन खणांचा टेपरेकॉर्डर कुणाकडेच नव्हता. मग या दोघांनी दोन टेपरेकॉर्डर टेबलावर समोरासमोर उभे केले, भांडायला उभ्या राहिलेल्या दोन जावांसारखे. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पंखा बंद. खिडकी बंद. श्वास हळू. आणि आजी आत येऊ नये म्हणून दाराबाहेर स्टुलावर राखणीला कोण? माझी आई. मामाची ताई.

दुसऱ्या गाण्यात एक स्कूटर जाते. तिसऱ्यात कुणीतरी नाक ओढतं. "सर्दी झाली होती," मामा म्हणतो. दर वेळी म्हणतो, कुणी न विचारता.

चौथं गाणं सगळ्यात काळं. ते गंजलेल्या फाटकासारखं सुरू होतं आणि उघडतच जातं. गाणाऱ्याचं कुणीतरी मेलेलं असावं. मामाला त्या भाषेतलं अर्धंमुर्धं कळायचं, पण शेवटचा प्रश्न कळायचा. घसा फाटेस्तोवर तो विचारतो: मी हाक मारतोय, तू आहेस कुठे? आणि सगळं थांबतं. गिटार, ड्रम, सगळं. नुसती शांतता. त्या शांततेत, मामाच्या कॅसेटवर, दार करकरतं आणि आजी म्हणते, "अरे, कुणीतरी त्या पोराला पाणी द्या रे! केव्हाचा ओरडतोय." दार लागतं. आणि धडाम! ड्रम. जणू ड्रमवाला तिचं बोलणं संपायची वाट बघत हात वर करून थांबला होता.

मामा तेव्हा जाम भडकला होता. "सत्यानाश! ताई, तुला राखणीला कशाला बसवलं होतं?"

"आई आहे ती," ताई म्हणाली. "चोर असता तर अडवला असता."

ढब्बू पोट धरून हसत होता. पुन्हा उतरवायला वेळ नव्हता, कॅसेट परत करायची होती. म्हणून आजी तशीच राहिली.

पाळकसाहेबांच्या कानावर ही कॅसेट गेली तेव्हा ते घरी आले. ते बोलायचे शांतच, पण प्रत्येक वाक्य प्रवचनासारखं शेवटी खाली उतरवायचे. "मुला, हे संगीत काळोखाचं आहे."

"साहेब, यात देवाचं नाव तुमच्या प्रवचनापेक्षा जास्त वेळा येतं."

"नाव घेण्याची एक पद्धत असते!"

"लिफ्टचा डबा वर जातो ना, साहेब, तेव्हा मागे एक काळं धूड खाली जात असतं. काउंटरवेट. ते कुणाला दिसत नाही. पण ते काढून टाका आणि मग बघा डबा वर नेऊन. तुमची गाणी डबा आहेत. मला हे मागचं वजन पाहिजे."

पाळकसाहेब जायला उठले. मग म्हणाले, "तू रविवारी येणार असशील तर काय ऐकतोस ते मी विचारणार नाही." मामा गेला. पुढच्या बाकावर, खर्जात. आजपर्यंत जातो. "मला चर्चमध्ये त्या चार केसाळांनी ठेवलं," तो म्हणतो, "आणि आईने."

कारण आजी गेल्यावर त्याने ती कॅसेट पुन्हा लावली, आणि त्या शांततेत ती आली. तिचा दुसरा आवाज कुठेच नव्हता. कुणी भरून ठेवला नव्हता, कुणाला सुचलंच नव्हतं. एवढंच एक वाक्य होतं, तेही एका अनोळखी केसाळ माणसाच्या काळजीचं. तिला त्याचा एक शब्द कळला नव्हता. तहान कळली होती.

मी मामाला किती वेळा म्हटलं, फोनवर उतरवून ठेवू या.

"करू की. चालतेय ना अजून? घाई काय आहे?"

आता हे वाक्य बघा. हेच वाक्य सेक्रेटरी लोक लिफ्टच्या झिजलेल्या दोराबद्दल बोलले की मामा बाहेर येऊन त्यांची नक्कल करतो, मान डोलावून, पोट पुढे काढून. माणूस दुसऱ्याच्या दोराबद्दल शहाणा असतो.

मागच्या महिन्यात, रविवारी दुपारी, आम्ही मामाकडे होतो. तो आजीच्याच घरात राहतो. तीच खोली, तेच टेबल, करकरणारं दारही तेच; जगभरच्या लिफ्टच्या दारांना तेल देणारा माणूस त्या एका दाराला देत नाही. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, म्हणजे घासत होती. मामाने कॅसेट लावली. चौथं गाणं फाटकासारखं उघडत गेलं, गाणारा प्रश्नापाशी आला, आणि आवाज अचानक जाडा झाला, म्हशीसारखा हंबरला आणि आत खळ्ळ झालं.

"बंद कर! बंद कर!" मामा ओरडला. मी बंद करेपर्यंत मशीनने हातभर फीत गिळली होती.

त्याने ती काढली. लिफ्टच्या डब्यात अडकलेलं लहान मूल काढताना तो जसा बोलतो तसाच बोलत होता, हळू, न थांबता. "काही नाही, काही नाही, झालं हं, आलं बाहेर." फीत आली. चुरगळलेली, एका जागी तुटलेली. नखाने सपाट केली, चिकटपट्टी लावली, पेन्सिल घालून गुंडाळली. लावली. स्कूटर गेली. सर्दी आली. प्रश्न आला. मग पाण्याखालून कुणीतरी बोलावं तसं "गुब्... ब्ब्..." आणि धडाम.

त्याने मागे घेऊन पुन्हा लावलं. गुब्. ब्ब्.

"पुरे, मामा. अजून खराब होईल."

तो हाताला चिकटलेली चिकटपट्टी सोडवत बसला. ती एका बोटावरून सुटायची आणि दुसऱ्याला चिकटायची.

मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी फोनवर तो अल्बम शोधला. सापडला. तेच काळं चित्र, तीच उजेडाची रेघ. स्पीकरला जोडला आणि चौथं गाणं लावलं. बापरे, काय आवाज! कॅसेटवर कधीच न ऐकू आलेल्या गोष्टी: बोटं तारेवर घसरल्याची चिरचिर, गाणाऱ्याने घेतलेला श्वास. मामा पुढे सरकून बसला. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. प्रश्न आला. सगळं थांबलं.

काही नाही.

खूपच काही नाही. मग धडाम.

"बस?" मामा म्हणाला. "इथे कुणीच येत नाही?"

"मूळ गाणं असंच आहे, मामा."

"म्हणजे बाकी सगळ्या जगाने हे असं ऐकलंय? पाण्याशिवाय?"

मी गाणं मागे घेतलं आणि या वेळी शांतता आल्याबरोबर आजी काढली. माझी आजी चांगली होते. थोडी नाकातून, "पाणी"वर चढायचं, "रे" ओढायचा. घरातल्या सगळ्यांनी मान्य केलेली आजी आहे ती.

"झकास," मामा म्हणाला. "हुबेहूब." आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. हुबेहूब हा शब्द माणसं फोटोला वापरतात.

तिसऱ्यांदा त्याने स्वतः लावलं. आवाज पूर्ण मोठा केला. कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. आणि मामा गायला लागला. नेहमीचं खालचं गुरगुरणं नव्हतं. गाणाऱ्याच्या सुरात, त्याच्याइतकं वर, जिथे त्याचा आवाज आयुष्यात कधी गेला नव्हता तिथे. मान ताठ, शिरा फुगलेल्या. मला हसू यायला हवं होतं. एरवी असं कुणी केलं असतं तर संध्याकाळपर्यंत मी त्याची नक्कल करून सगळ्यांना लोळवलं असतं. प्रश्नापाशी त्याचा आवाज फाटला आणि त्याला ठसका लागला, असा की डोळ्यांतून पाणी. गाणं थांबलं. तो खोकत राहिला.

दार करकरलं.

"घे," आई म्हणाली. ओल्या हातात स्टीलचा पेला होता, फेसाचा एक ठिपका त्यावर तसाच. "केव्हाचा ओरडतोयस."

तिने नक्कल केली नव्हती. तिला फक्त राग आला होता, आणि तो त्या दारातून, नाकातून, "ओरडतोयस"वर चढून आला होता. मी इतकी वर्षं घरातल्या झाडून सगळ्यांची नक्कल करतेय, पण हा आवाज मी तिच्यात कधी शोधलाच नव्हता.

धडाम.

मामाने पेला घेतला आणि एका दमात संपवला. खाली ठेवताना त्याचा हात टेबलाच्या कडेला आपटला.

"आता बघतेस काय?" आई माझ्यावर खेकसली. "पुसणं आण, ठिबकतंय." मग पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. "पुढे काय आहे?"

"पुढे?"

"या कॅसेटमध्ये. चौथ्याच्या पुढे. मला बाहेर बसवलं होतंत ना दोघांनी, राखणीला. दारातून नुसतं धमधम ऐकू यायचं. मी कधी धड ऐकलंच नाही."

मामा पलंगावर सरकला. जागा झाली. ती बसली, पाय वर घेऊन, मुलीसारखी. पाचवं गाणं संथ होतं. गाणाऱ्याचा घसा त्यात बसलेला वाटत होता, पण तो ओरडत नव्हता, सांगत होता.

"हा आता बरा आहे ना?" आईने विचारलं.

"कोण?"

"हाच. गाणारा."

"बरा असेल की," मामा म्हणाला. "म्हातारा झाला असेल आता. आपल्यासारखा."

"मग ठीक," आई म्हणाली. मग तिने वर पाहिलं, उठली आणि नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.