पूजेला बसलेला सॉ

धाकट्या दिराला मी आमच्या कंपनीत लावून दिलं, तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता लक्ष ठेव गं त्याच्यावर." ठेवलं की! डोळ्यांत तेल घालून ठेवलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्याच्या छतावर सोलर पॅनेल बसवायचं काम होतं. मी इंजिनियर, भाऊजी सुपरवायझर.

पॅनेल ज्यांच्यावर बसतात त्या ॲल्युमिनियमच्या रेल मापाने कापाव्या लागतात. त्यासाठी मी स्वतः दुकानात उभं राहून बारीक दातांच्या पात्याचा सॉ, म्हणजे विजेवरची करवत, निवडला. दुकानदार म्हणत होता, "मॅडम, ग्राइंडर ले लो, फटाफट काम." भाऊजींची मान लगेच डोलली. तिथंच मला कळलं, इथं पाणी मुरणार. ग्राइंडरनं कापलं की कडेला ब्लेडसारखी धार राहते. ती वायरीवर घासली, आवरण सोललं, की ऊन असेपर्यंत सगळ्या रेलमध्ये करंट. आणि दर आठवड्याला वाळू पुसायला जो माणूस ओलं फडकं घेऊन वर चढतो, त्याचा हात त्याच रेलवर! मी बजावून ठेवलं, "छतावर ग्राइंडर दिसता कामा नये."

"काय वहिनी, किती संशय घ्याल माणसाचा!"

घेते. घेणारच.

खंडेनवमीच्या दुपारी मी जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात मीटिंगमध्ये अडकले होते. तिथून फोन लावला. मागून कर्कश आवाज येत होता.

"कशानं कापताय, भाऊजी?"

"सॉनंच हो. शेवटच्या रेल. यल्ला, चला, ठेवतो."

मनात पाल चुकचुकली. सॉ असा केकाटत नाही. पण फोनवरच्या आवाजावरून भांडायचं तरी कसं?

संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवायला बोलावलं होतं. दार उघडलं आणि समोर बघते तर काय, हॉलमध्ये पाटावर आमचा सॉ! हळदकुंकू लावलेलं, पात्याच्या दातांत झेंडूचं फूल, पुढे पेढे.

"काल सुटताना घेऊनच आलो," भाऊजी खुशीत म्हणाले. "सकाळी आठच्या आत पूजा उरकली. आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दुबईत आलो म्हणून रीत सोडायची का, वहिनी?"

मी हातातला पेढा परत ताटलीत ठेवला.

"भाऊजी, मग दुपारी रेल कशानं कापल्या?"

त्यांनी सॉकडे पाहिलं, मग बायकोकडे. माझी जाऊ पाण्याच्या निमित्तानं आत सटकली.

"अहो, थोड्याच होत्या. एवढं काय त्यात..."

"एवढं काय? यंत्राला सुट्टी देता आणि माणसाच्या जिवाशी खेळता?" माझा आवाज चढला होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दसऱ्याच्या सकाळी मी तडक साइटवर गेले. शिडी चढून बघते, तर सफाईवाला बादलीत फडकं बुडवून पॅनेलकडे निघालेला!

"रुको! हाथ मत लगाओ!"

तो बिचारा दचकून जागीच उभा राहिला. "सर का कल फोन आया था, मॅडम. बोले, काम खलास, पानी मारो."

तेवढ्यात भाऊजी धापा टाकत वर आले. मी इलेक्ट्रिशियनला हातमोजे घालायला लावून कालच्या रेलची टोकं उघडायला सांगितली. पहिल्या दोन-तीन टोकांना काही नव्हतं. भाऊजी "बघा" म्हणणार, एवढ्यात इलेक्ट्रिशियन थांबला. कापलेल्या कडेखाली वायर दबली होती आणि काळ्या आवरणातून तांबं चकाकत होतं.

काम खलास म्हणे! इथं खलास म्हणजे झालं, आवरलं. आमच्या मुंबईत त्याचा अर्थ काय होतो, ते मला सांगावं लागलं नाही. भाऊजी त्या माणसाच्या ओल्या हातांकडे बघत उभे होते.