टेपरेकॉर्डरची पूजा

वाचनालयाच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी थेट चालू टेपरेकॉर्डरवर ओतलं. आतला बाईचा आवाज घोगरा झाला, लांबला आणि बंद पडला.

त्या आवाजात माझी अर्धी ऐकलेली कादंबरी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि मला अक्षर दिसेनासं झालं. आटपाडीच्या आमच्या वाचनालयानं अशा सभासदांसाठी एक टेप घेतला होता आणि शाळेतल्या एका बाईंकडून पुस्तकं वाचून घेऊन कॅसेटी भरल्या होत्या. पुस्तकासारखाच टेप घरी न्यायला मिळायचा. मी चौथी शिकलेली, पण वाचायची खोड जन्माची. कादंबरीतली सून भरल्या ताटावरून उठून उंबऱ्यापाशी आली होती. ती बाहेर पडते की नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. निरोप आला, वाचनालयातल्या यंत्रांची पूजा आहे, टेप घेऊन या. यंत्रं म्हणजे पंखा, घड्याळ आणि हा टेप. पंखा आणि घड्याळ उंचावर होते, म्हणून बचावले.

"आजी, तुमच्याकडंच बिघडला असंल," अध्यक्ष म्हणाले. "फोडणी-बिडणी उडाली असंल."

"आवं, आत्ता तुमच्याम्होरं बोलत हुता की! आंघोळ घातली तुमी, आन् फोडणी माझी व्हय?"

जमलेल्या बायका हसल्या.

"सांगलीला दुरुस्तीला पाठवू."

"कवा?"

"बैठकीत ठरवू."

त्यांच्या बैठकीत काय ठरायचं ते गावाला ठाऊक होतं. चहा.

"मग तवर तुमीच वाचून दावा. यंत्र तुमी मारलं, आता यंत्र तुमी व्हा."

सगळ्यांदेखत त्यांना नाही म्हणवेना. दसरा झाल्यावर रोज दुपारी ते वाचनालयात पुस्तक घेऊन बसू लागले. सुनेचं रडणं ते झेंडावंदनाच्या भाषणासारखं वाचत. नवराबायकोचा प्रसंग आला की खोकत आणि पान उलटत.

"मागं जावा. पान उलटल्यालं ऐकू येतं मला."

शेवटी सून घराबाहेर पडली. अध्यक्ष थांबले.

"आमच्या घरात आसलं चालायचं न्हाई."

"तुमचं घर कुणी इचारलंय? वाचा."

त्यांनी वाचलं. सून परत आली नाही.

टेप सांगलीहून दुरुस्त होऊन आला. आता तो कुणालाच देत नाहीत. कपाटात असतो, खंडेनवमीला बाहेर काढून लांबून फूल वाहतात. अध्यक्ष वारले. कॅसेटी भरणाऱ्या बाईही वारल्या. मी आहे.