लाल राहणारं नाव

फौजेत असताना आमची पोस्ट बर्फात होती. पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, जाताना प्रत्येकाच्या छातीवर बीकन बांधलेला असे. माणूस बर्फाखाली गेला तर त्याचा सिग्नल आमच्या सेटवर यावा, एवढंच त्याचं काम. प्रत्येक बीकनचा नंबर ठरलेला होता.

एका सकाळी गस्तीच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला. मी रेस्क्यू पार्टीत होतो.

"नाईक तानाजी भोसलेचा सिग्नल मिळतोय. ओव्हर."

"खोदा. आउट."

आम्ही तानाजी, तानाजी असं ओरडत खोदलं. वर आला तो त्याच्याच तुकडीतला मुरुगन, जिवंत. त्याचा बीकन वाटेत बंद पडला होता, म्हणून तानाजीने स्वतःचा काढून त्याला बांधला होता. तानाजीचा देह संध्याकाळी सापडला. यंत्राने दाखवलं ते खरंच होतं, फक्त माणूस दुसरा होता. मला अजून त्याचा राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर मी बोईसरला एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर झालो. पॅकिंग हॉलमध्ये आता ड्रम वाहायला बिनचालकाच्या ट्रॉल्या आहेत. माणसांच्या गळ्यात टॅग. टॅग जवळ आला की ट्रॉली थांबते, वाट सोडते आणि टॅग थरथरतो. कोण कुठे आहे ते स्क्रीनवर ठिपक्यांनी दिसतं; अलार्म झाला की बाहेर आलेला हिरवा, आत राहिलेला लाल. व्यवस्था चांगली आहे. ट्रॉल्या आल्यापासून कोणाचा पाय चिरडलेला नाही.

पण जेवताना शेजारून ट्रॉली गेली की टॅग थरथरायचा. जवळच्या दांडी गावातून कामाला येणाऱ्या बायका कावल्या. "घास बी सुखानं खाऊ देत नाय मेला," मंदा म्हणायची. मग सगळे जण आपले टॅग तिच्या डब्याच्या पिशवीत टाकू लागले. ही युक्ती माझ्यापर्यंत कोणी पोचू दिली नाही. फौजी साहेब बोंब मारणार, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत एक ड्रम फुटून हॉलमध्ये धूर झाला. अलार्म वाजला. माणसं गेटपाशी जमली. मॅनेजरसाहेबांनी टॅबलेट पाहिला.

"सगळे हिरवे. सगळे बाहेर. दार बंद करा."

"साहेब, तोंडी हजेरी घेतो."

"स्क्रीन आहे ना?"

"आहे. तरी घेतो. मंदा?"

"हाय."

"रामप्रसाद?"

"हाजिर."

"कल्पना?"

मी पुन्हा हाक मारली. मंदाने बरोबर आणलेली डब्याची पिशवी उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"फौजी साहेब, तिचा टॅग माज्याकडं हाय. ती लेबलं आणाया स्टोअरला गेली व्हती!"

मी आणि रामप्रसाद मास्क लावून आत गेलो. अलार्मबरोबर ट्रॉली जिथल्या तिथे थांबली होती, नेमकी स्टोअरच्या दारापुढे. दार बाहेर उघडणारं. आत टॅग असता तर ती बाजूला झाली असती. तिच्या हिशेबी आत कोणीच नव्हतं.

"पीछे से धक्का दो," रामप्रसाद म्हणाला. ट्रॉली हलली. कल्पना दाराच्या फटीला नाक लावून बसली होती, शुद्धीवर. बाहेर आल्यावर ती मंदाच्या गळ्यात पडून रडली. मीही जरा बाजूला जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर टॅगचं थरथरणं जेवणाच्या जागेपुरतं बंद केलं. अलार्म झाला की ट्रॉली दारं मोकळी सोडते. स्क्रीन तर पाहतोच, पण शिफ्टला हजेरीही होते, ज्याची त्याने आपल्या तोंडाने द्यायची. ओ दिली की नाव हिरवं, नाहीतर लाल, अशी ती टॅबलेटवर चढवायला आलेल्या इंजिनिअरने तपासणीसाठी एक खोटं नाव मागितलं. मी सांगितलं, "नाईक तानाजी भोसले."

काम झाल्यावर तो नाव पुसायला लागला. मी म्हटलं, राहू दे. ते नाव कायम लाल राहिलं पाहिजे. ज्या दिवशी हिरवं होईल, त्या दिवशी मशीन खोटं बोलतंय असं समजायचं.

हजेरीत शेवटी मी तानाजीला हाक मारतो. दांडीच्या बायकाही तेवढा वेळ स्क्रीनकडे बघतात. नाव लालच राहतं. मग मी म्हणतो, "कामाला लागा."