काळी पोत सोडताना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी दोघं चहा पितो, जगभराचं बोलतो — एवढं सोडून. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय, दुसरं काय!

मी अकोल्यात एमआरआयचे फोटो वाचतो. पेशंट मला क्वचितच दिसतो. दिसतो तो त्याचा मेंदू, पडद्यावर. आणि खोटं कशाला बोलू — या कामात मी वाकबगार आहे. म्हणजे — तसं समजत होतो.

पेशंटला मशीनवर घेतात त्या प्रमिलाताई. बार्शीटाकळीच्या, आमच्या टेक्निशियन. मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून बायांची जोडवी, बांगड्या, गळ्यातली काळी पोत त्या स्वतःच्या हातानं उतरवतात. पोत सोडताना बाया रडतात हो! मग प्रमिलाताई घरचं-दारचं विचारत हळूहळू सोडतात. मी काचेपलीकडून ओरडायचो — आटपा लवकर.

तेल्हाऱ्याची एक शिक्षिका आली. चाळिशीची, आयुष्यात पहिल्यांदाच फिट आलेली. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेलगत गाठ. भोवती चमकणारं कडं, सूज. आता असं कडं जहाल कॅन्सरच्या गाठीला असतं, पू साठला तरी असतं, टीबीच्या गाठीलाही असतं. आपण सगळ्यांना 'गाठ'च म्हणतो. पण कॅन्सरच्या गाठीसाठी कवटी उघडावी लागते, अन् टीबीची बहुतेकदा गोळ्यांनीच विरते. शिकवून जगणारी बाई, आणि तिच्या नेमक्या वाचेजवळ सुरी! मी दहा मिनिटांत लिहून टाकलं — कॅन्सरची दाट शक्यता. अमरावतीच्या सर्जननं ऑपरेशनचा दिवसही ठरवला.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाताई दारात उभ्या.

"सर, त्या बाईची पोत सोडताना मानेमागं बारीक बारीक गाठी लागल्या माह्या हाताले. सासूले टीबी व्हता म्हने. अन् फोटोत गाठीचा मधला भाग काळा दिसून राहिला. टीबीची असंन का?"

काय बाई आहे, सांगा! चार वर्षं माझ्या मागं उभं राहून फोटो पाहिलेली. मी ज्या मानेला कधी हात लावला नाही, तिथं तिची बोटं पोचली, आणि बोटांना लागलेलं तिनं फोटोशी ताडून पाहिलं. मला अभिमान वाटायला हवा होता ना?

"तुम्ही बटणं दाबा," मी म्हणालो.

त्या गेल्यावर दार लावून फोटो पुन्हा उघडले. मधला भाग काळाच होता. तेवढ्यावरून खात्री होत नाही, पण शंका तरी यायला हवी होती. मी सर्जनला फोन केला — "मला वेगळीच शंका येतेय. आधी मान तपासा." मला. ऐकलंत? मला!

मानेतल्या गाठीत सुई घातली. टीबीच निघाला. ऑपरेशन रद्द झालं, गोळ्या सुरू झाल्या. पुढं अमरावतीत डॉक्टरांच्या बैठकीत ही केस मीच मांडली. टाळ्या पडल्या. मानेचं कसं सुचलं, असं कुणीतरी विचारलं. "अनुभव," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा जीभही अडखळली नाही माझी.

दीड वर्षानं ती शिक्षिका पुन्हा फोटो काढायला आली. गाठीच्या जागी नुसता ठिपका उरलेला. बाई घडाघडा बोलत होती — शाळेचं, पोरांच्या पाढ्यांचं, तेल्हाऱ्याच्या उन्हाचं. आणि एकदम माझ्या पायाशी वाकली. "सर, तुमच्यामुळं माही वाचा राहिली." प्रमिलाताई शेजारीच होत्या, तिची पोत मुठीत धरून. आता बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्याआधी त्याच म्हणाल्या, "आमच्या सरांची नजर लय तेज हाये, बाप्पा!"

टोमणा नव्हता हो. मी निरखून पाहिलं त्यांच्याकडे. त्या बाईचा आवाज ऐकून त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि तो कुणाच्या नावावर जातोय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या जागी मी असा असतो का? नाही. नाहीच.

मी मान डोलावली. हो, माझी नजर तेज.

मग प्रमिलाताई तिच्या मागं गेल्या आणि पोत घालून देऊ लागल्या. घालता घालता त्यांची बोटं मानेवरून एकदा सावकाश फिरली — गाठी उरल्यात का, ते चाचपत. मी ते पाहिलं. तेव्हाही बोललो नाही.